घरातले कच्चे लिंबू आणि गेमची पारख

गेम विकत घ्यायला गेले की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘मुलासाठी हवा की तुमच्यासाठी?’ या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नसते, कारण मला हवा असतो तो घरात सगळ्यांनी मिळून खेळायचा गेम. मी गोव्यातल्या फोंड्यात राहतो. घरात आई, पत्नी, बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी आहे, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी गेलो की ही संख्या वीस-बावीसवर जाते. आठवड्याला फार तर तीन-चार तास खेळायला मिळणारा मी हौशी खेळाडू आहे. माझ्यासारख्यांनी कुटुंबासाठीचे आणि मैदानी खेळांवरचे व्हिडिओ गेम कसे पारखावेत, याविषयी इतक्या वर्षांत जे हाताला लागले ते इथे मांडतो.

लहानपणी लगोरी किंवा लपंडाव खेळताना सर्वांत लहान मुलाला आम्ही ‘कच्चे लिंबू’ ठरवायचो. ते सगळ्यांबरोबर धावायचे, ओरडायचे, पण त्याच्यावर राज्य यायचे नाही. त्यामुळे मोठ्यांचा डाव बिघडत नसे आणि त्या मुलालाही पायरीवर बसून नुसते बघत राहावे लागत नसे. घरात आणायच्या प्रत्येक गेमला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की यात कच्च्या लिंबाची सोय काय आहे. नामांकित परीक्षकांच्या लेखांत आणि व्हिडिओंत या प्रश्नाचे उत्तर क्वचितच सापडते. ते लोक एकेक गेम तीस-चाळीस तास खेळतात, त्यांच्या बोटांना सगळी बटणे पाठ असतात, आणि चित्रांचा दर्जा, कथेची रचना, ऑनलाइन स्पर्धेतला समतोल यांविषयी ते जे लिहितात ते बहुधा योग्यच असते. मात्र बहात्तर वर्षांची आजी आणि सात वर्षांची नात एका सोफ्यावर बसून तो गेम खेळू शकतील का, हे आपले आपणच तपासावे लागते.

वयाची पाटी काय सांगते

भारतात मिळणाऱ्या गेमच्या डब्यांवर बहुतेक वेळा युरोपातील पेगी या व्यवस्थेचा आकडा असतो: ३, ७, १२, १६ किंवा १८. नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या डब्यावर तिथल्या ईएसआरबी या व्यवस्थेचे अक्षर असते. त्यातला ‘ई’ सर्वांसाठी, ‘टी’ तेरा वर्षांपुढच्यांसाठी आणि ‘एम’ सतरा वर्षांपुढच्यांसाठी. हा आकडा किंवा अक्षर पाहिल्याशिवाय मुलांच्या हाती गेम देऊ नये, हे मी निक्षून सांगेन. ‘वर्गातले सगळे खेळतात’ हा युक्तिवाद आमच्याही घरी झाला आहे आणि १८ च्या आकड्यापुढे मी तो मानलेला नाही.

तरीही या पाटीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. गेममधील हिंसा, भाषा, भीतिदायक दृश्ये, जुगार अशा गोष्टी पाहून ती दिलेली असते. गेम किती सोपा आहे, याच्याशी तिचा संबंध नसतो. ‘ईए स्पोर्ट्स एफसी २४’ या फुटबॉलच्या गेमला पेगीचा ३ हा आकडा आहे, पण त्यात जमिनीलगतचा पास, उंच पास, फटका, धावणे, खेळाडू बदलणे, चेंडू हिसकावणे अशी दहा-बारा कामे वेगवेगळ्या बटणांवर वाटलेली आहेत आणि तीन वर्षांच्या मुलाला त्यातले एकही धड जमणार नाही. ‘ओव्हरकुक्ड’ या स्वयंपाकघराच्या गेमलाही ३ हाच आकडा आहे, आणि आमच्या घरात सर्वांत जास्त आवाज चढला तो याच गेमपायी. तेव्हा पाटीने गेम चालेल असे सांगितले, की खरी पारख त्यानंतर सुरू करावी.

पहिली पंधरा मिनिटे

यासाठी मी एक साधी रीत पाळतो. गेम सुरू करून घरातल्या सर्वांत कच्च्या खेळाडूच्या हातात कंट्रोलर, म्हणजे खेळायचे बटणांचे साधन, द्यायचा, काहीही समजावून सांगायचे नाही, आणि पंधरा मिनिटे तोंड बंद ठेवून पाहत बसायचे. गप्प बसणे हाच यातला अवघड भाग आहे, कारण ‘ते हिरवे बटण दाब’ असे एकदा सांगितले की परीक्षा गेमची न राहता आपल्या शिकवण्याची होते.

पाहायचे काय, तर प्रत्यक्ष खेळायला सुरुवात होईपर्यंत किती वेळ गेला हे आधी पाहावे. काही गेम चालू केल्यावर खाते उघडा, अटी मान्य करा, अपडेट उतरवा, चित्रफीत पाहा असे करत वीस मिनिटे खातात, आणि तोवर आजी देवापुढे दिवा लावायला उठून गेलेली असते. मग पडद्यावरच्या सूचना वाचून समजतात की चित्र पाहून, हे बघावे. मराठीत मेनू असलेला गेम अजून माझ्या तरी पाहण्यात आलेला नाही, त्यामुळे इंग्रजी न वाचणाऱ्या माणसासाठी बाण, रंग आणि खुणा हाच आधार असतो. जॅकबॉक्स या नावाने मिळणाऱ्या गेमसंचांसारखे गेम मोबाइललाच कंट्रोलर बनवतात, ही सोय मोठी आहे, पण त्यातला विनोद पुष्कळसा इंग्रजी शब्दांच्या कोट्यांवर उभा असतो आणि आमच्या घरात तो पोहोचत नाही. शेवटी चूक झाली की काय होते, याकडे लक्ष द्यावे. पहिल्याच चुकीला खेळ थांबवून खेळाडूला पुन्हा मेनूत आणून सोडणारा गेम नवख्याचा हात लगेच आखडता करतो.

ही परीक्षा मला पहिल्यांदा उमगली ती निन्टेंडो कंपनीच्या ‘वी’ या गेम खेळायच्या जुन्या यंत्रावर. आखातात नोकरीला असलेल्या मामेभावाने आपले वापरलेले यंत्र सुट्टीत आणून आमच्याकडे ठेवले होते आणि त्यात ‘वी स्पोर्ट्स’ होता. २००६ साली आलेल्या या गेमच्या आठ कोटींहून अधिक प्रती गेल्या, त्यातल्या बहुतेक यंत्राबरोबरच. चवथीच्या दुसऱ्या रात्री, आरत्या आणि घुमट वाद्यांचा गजर संपल्यावर, एकीकडे पत्त्यांचा डाव बसलेला असताना मुलांनी टीव्हीवर बोलिंग लावले आणि आईच्या हातात रिमोट दिला. या खेळात रिमोटच्या मागचे बटण दाबून धरायचे, हात मागे नेऊन पुढे आणायचा आणि नेमक्या क्षणी बोट सोडायचे, की चेंडू सुटतो. आईने पहिल्या वेळी बोट सोडलेच नाही. ‘अरे, हा चेंडू माझ्या हाताला चिकटला की काय?’ असे म्हणत तिने दुसऱ्या वेळी हात मागे असतानाच बोट सोडले, तेव्हा चेंडू मागच्या बाजूला उडाला आणि पडद्यावरची माणसे दचकून उडी मारताना दिसली. सगळे घर हसले, आई सर्वांत जास्त हसली, आणि तिसऱ्या चेंडूला तिने सात पिना पाडल्या. पत्त्यांचा डाव सोडून काकी उठून आल्या ते त्यानंतर.

या प्रसंगात गेमच्या गुणाविषयी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आईला हात फिरवणे शिकवावे लागले नाही, कारण ते तिला आधीच येत होते. तिची चूक पडद्यावर स्पष्ट दिसली, त्यामुळे पुढच्या वेळी काय करायचे ते तिला कोणी न सांगता कळले. आणि चुकीची शिक्षा एका चेंडूपुरतीच राहिली, डाव संपला नाही. त्याच गेममधल्या टेनिसमध्ये तर खेळाडू आपोआप धावतो, आपण फक्त योग्य वेळी रॅकेट फिरवायची असते. नवख्याला मैदानभर पळवण्याचे काम यंत्राने स्वतःकडे घेतले आहे. कोणते काम यंत्राकडे आणि कोणते माणसाकडे, ही वाटणी ज्या गेममध्ये विचारपूर्वक केलेली दिसते, तो घरात टिकतो.

हात फिरवायचे गेम खेळताना मनगटाची दोरी अडकवायला लावावी. त्या काळी दोऱ्या तुटून रिमोट टीव्हीवर आदळण्याचे प्रकार झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देऊ केल्या. समोर काचेचे कपाट असेल तर ही सूचना किरकोळ समजू नये.

मागे पडलेल्याचे पुढे काय

दोन खेळाडूंच्या कौशल्यात अंतर असणारच. हे अंतर गेम कसे हाताळतो, ही पारखण्याची पुढची पायरी. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ हा २०१७ साली निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर आलेला शर्यतीचा गेम मला यासाठी आदर्श वाटतो. त्यात वाटेवरच्या पेट्यांतून साहित्य मिळते आणि जो मागे असेल त्याला अधिक प्रभावी साहित्य मिळते. पहिल्या क्रमांकावरच्याला बहुधा केळ्याची साल किंवा एखादे नाणे, तर शेवटच्याला काही क्षण वाऱ्यासारखी गाडी पळवणारी वस्तू. याशिवाय गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी आणि आपोआप वेग घेणारी अशा दोन सोयी प्रत्येक खेळाडूला वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात. माझी मुलगी त्या सोयी घेऊन आणि मुलगा त्यांच्याशिवाय, असे दोघे एकाच शर्यतीत खेळतात. सोय चालू असलेला खेळाडू सहसा पहिला येत नाही, पण शर्यतीत राहतो आणि वाटेत दादाला एकदा तरी मागे टाकतो. कच्च्या लिंबाला याहून अधिक काही नको असते.

लेगोच्या गेममध्ये निराळा मार्ग आहे. तिथे पात्र मेले तर जमवलेले काही मणी सांडतात आणि पात्र लगेच तिथेच उभे राहते. शिवाय दुसऱ्या खेळाडूला मध्येच येता येते आणि मध्येच उठता येते. ज्या घरात आईला कुकरच्या शिट्टीला उठावे लागते, त्या घरात ही मध्येच उठण्याची मुभा फार मोलाची आहे, आणि गेम घेण्यापूर्वी ती आहे का याची चौकशी आवर्जून करावी.

‘ओव्हरकुक्ड’ची गोष्ट याच्या उलट आहे. चौघांनी मिळून भाज्या चिरायच्या, शिजवायच्या, वाढायच्या, बशा विसळायच्या आणि हे सगळे घड्याळाशी झगडत. कल्पना उत्तम आहे आणि जुळलेल्या चौघांना यासारखी मजा दुसरीकडे मिळणार नाही. परंतु एक जण संथ असला की साखळी त्याच्यापाशी अडते आणि सगळ्यांना ते दिसते. आमच्याकडे मुलगी बशा घेऊन कोपऱ्यात अडकली, मुलगा ‘बशी आण, बशी आण’ म्हणून ओरडत राहिला, आणि ती कंट्रोलर ठेवून आत निघून गेली. हा दोष मी गेमवर पूर्णपणे टाकणार नाही, कारण सगळ्यांनी एकत्र यायचे म्हटले की संथ माणूस दिसणारच. पण सहकार्याचा गेम म्हणजे भांडण होणार नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. स्पर्धेच्या गेममध्ये हरणारा एकटाच हरतो, सहकार्याच्या गेममध्ये तो इतरांनाही हरवतो, आणि लहान मुलाला हे दुसरे ओझे जड जाते. यावर उपाय दोन आहेत: कच्च्या खेळाडूला एकच ठरलेले काम द्यावे, आणि या मालिकेच्या नंतरच्या एकत्रित आवृत्तीत वेळ वाढवून देणारी जी सोय आहे ती संकोच न करता वापरावी.

मैदानी खेळांचे गेम

मैदानी खेळांच्या गेमचा मोठा फायदा असा, की नियम सगळ्यांना आधीच ठाऊक असतात. १९७२ साली अटारी कंपनीने आणलेला ‘पाँग’ हा टेबल टेनिसवरचाच गेम होता आणि एक गोल खुंटी फिरवण्यापलीकडे त्यात शिकण्यासारखे काही नव्हते. आजच्या फुटबॉलच्या किंवा क्रिकेटच्या गेमबाबत मात्र खेळ माहीत असणे आणि गेम जमणे यांत मोठी दरी असते. ती दरी मोजणे हेच या प्रकारच्या गेमच्या पारखीचे सार आहे, आणि गोव्यात ती मोजायला माणसे घरोघरी मिळतात.

माझे धाकटे काका तरुणपणी गावच्या संघातून खेळले. भात कापून झाल्यावर उघड्या पडणाऱ्या शेतात त्यांचा फुटबॉल वाढला आणि आजही फातोर्ड्याच्या मैदानावर सामना पाहताना चेंडू कुठे आहे यापेक्षा मोकळी जागा कुठे आहे, याकडे त्यांची नजर असते. माझ्या मुलाने त्यांना फुटबॉलच्या गेममध्ये सात विरुद्ध शून्य असे हरवले. काकांना राग हरल्याचा आला नाही. ते म्हणाले, ‘मला पास कुठे द्यायचा ते दिसतं, पण बोट तिथवर पोहोचेपर्यंत चेंडू गेलेला असतो.’ या एका वाक्यात मला परीक्षणाची कसोटी मिळाली. मी सेटिंगमध्ये जाऊन त्यांच्यासाठी दोनच बटणांचे नियंत्रण निवडले, पास आपोआप जवळच्या खेळाडूकडे जाईल अशी मदत चालू केली, आणि दोघांना एकाच संघात घेऊन संगणकाविरुद्ध खालच्या पातळीवर खेळायला लावले. आता काका मोकळ्या जागेत पास देऊ लागले आणि मुलगा तिथे धावू लागला. पहिल्या सामन्यात मुलाने चार गोल केले, त्यातले तीन काकांच्या पासवर.

म्हणून फुटबॉलचा गेम तपासताना घरातल्या फुटबॉल समजणाऱ्या, पण गेम न खेळणाऱ्या माणसाला बसवावे आणि त्याला पूर्ण मदत देऊन पाहावे. मैदानातील त्याची समज गेममध्ये उपयोगी पडत असेल, तर गेमने खेळाचा गाभा पकडला आहे. तरीही नुसती बोटे चालवणाराच जिंकत असेल, तर तो बोटांच्या कसरतीचा गेम आहे. तो वाईट असेलच असे नाही, पण त्यावर फुटबॉलचे नाव आहे म्हणून घेऊ नये. गोलरक्षकाकडेही पाहावे. ज्या भूमीने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक भारताला दिला, तिथल्या प्रेक्षकाला गोलजाळीसमोरचा गाढवपणा सहन होत नाही. बहुतेक गेममध्ये गोलरक्षक संगणकच चालवतो, तेव्हा तो कोन झाकायला पुढे येतो का आणि एकाच ठिकाणाहून मारलेला फटका दर वेळी जाऊ देतो का, हे पाहून घ्यावे.

याला जोडूनच दहा वेळांची परीक्षा येते. एखादी चाल यशस्वी झाली की तीच चाल मुद्दाम दहा वेळा करून पाहावी. बगलेवरून धावत जाऊन आत पास देणे दहापैकी आठ-नऊ वेळा गोल देत असेल, तर मुलांना हे गुपित दोन दिवसांत कळेल आणि तिसऱ्या दिवशी गेममध्ये त्या चालीपलीकडे काहीही उरणार नाही. क्रिकेटच्या गेममध्ये ही परीक्षा फार महत्त्वाची ठरते. २००६ साली आलेला ‘ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७’ आपल्याकडे अजूनही जुन्या संगणकांवर खेळला जातो. त्यात ठरावीक चेंडूला ठरावीक फटका मारला की चौकार ठरलेला, हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरीही तो आवडतो, कारण कमी षटकांचा सामना झटपट होतो. क्रिकेटचा गेम तपासताना चेंडू सोडून देण्याला काही अर्थ आहे का, फिरकीपुढे पाय पुढे टाकावा लागतो का, आणि क्षेत्ररक्षण लावल्याने फलंदाजाचे मन खरोखर बदलते का, हे तीन प्रश्न मी विचारतो. कुटुंबाला कितीही हौस असली तरी वीस षटकांचा सामना एका बैठकीत कोणी पूर्ण करत नाही, तेव्हा दोन किंवा पाच षटकांची सोय आणि अर्धा सामना साठवून ठेवण्याची सोय असलीच पाहिजे.

बॅडमिंटन, टेनिस, व्हॉलीबॉल, बोलिंग यांसाठी २०२२ साली आलेला ‘निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स’ आजही सर्वांत सोपा मार्ग आहे. एका व्यक्तीला एकच छोटा कंट्रोलर पुरतो आणि यंत्राबरोबर असे दोन मिळतात. त्यातले बॅडमिंटन आमच्याकडे सर्वांत जास्त खेळले जाते, व्हॉलीबॉल मात्र पाळी आणि वेळ यांचा मेळ जमेपर्यंत रुक्ष वाटतो.

संघांची खरी नावे आणि खऱ्या जर्सी यांना किती महत्त्व द्यावे, हा प्रश्नही येतोच. ‘फिफा २२’ मध्ये इंडियन सुपर लीगचे संघ आले, तेव्हा एफसी गोवाची नारिंगी जर्सी टीव्हीवर पाहून माझा मुलगा घरभर नाचला. तो आनंद खरा होता. परंतु आठवडाभरात तो मोठ्या युरोपीय क्लबांकडे वळला, कारण त्यांचे खेळाडू वेगाने धावतात. नावांचा परवाना हा घेण्याचे कारण होऊ शकतो, खेळत राहण्याचे होत नाही. याच मालिकेने २०२३ मध्ये फिफाचे नाव सोडून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ हे नाव घेतले, तेव्हा जुन्या डब्याच्या शोधात असाल तर दोन्ही नावांनी विचारावे.

टीव्हीचा दोष गेमच्या माथी नको

गेम वाईट आहे असे ठरवण्यापूर्वी एक गोष्ट तपासावीच लागते, आणि माझ्या ओळखीत दहापैकी आठ घरांत ती तपासलेली नसते. आजचे टीव्ही चित्र गुळगुळीत आणि भडक दिसावे म्हणून त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात थोडा वेळ जातो. मालिका पाहताना तो जाणवत नाही. बटण दाबल्यापासून फलंदाजाची बॅट हलेपर्यंत मात्र हा उशीर भोवतो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत येतो, त्यातला एक दशांश सेकंद टीव्हीने खाल्ला तर नवख्याला काय चुकले ते कळणारही नाही. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो चालू करावा. चित्र थोडे फिके दिसेल, त्याची सवय होते. आवाज ब्लूटूथच्या स्पीकरवर असेल तर तोही उशिरा येतो, म्हणून खेळताना टीव्हीचाच आवाज ठेवावा. आमच्याकडे ‘हा क्रिकेट गेम बोगस आहे’ असा निकाल लागून महिनाभर बाजूला पडलेला गेम एवढ्या एका बदलाने पुन्हा खेळण्याजोगा झाला.

खिशाला पडणारा भार

डब्यावरची किंमत ही पहिली किंमत असते. चौघांना खेळायला चार कंट्रोलर लागतात आणि एकेक कंट्रोलर काही हजारांचा असतो. एकाच पडद्यावर बसून खेळायला वर्गणी लागत नाही, पण प्लेस्टेशनवर किंवा स्विचवर विकतच्या गेममध्ये ऑनलाइन मित्रांशी खेळायचे तर बहुतेक वेळा लागते. काही गेम तर एका पडद्यावर दोघांना खेळूच देत नाहीत, तेव्हा डब्याच्या मागे स्थानिक खेळाडूंची संख्या वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डब्यात चकती असली तरी मोठा अपडेट उतरवावा लागतो, आणि गावाकडच्या घरी मोबाइलच्या डेटावर हे करायला गेलो तर दोन दिवस जातात, म्हणून ते निघण्यापूर्वीच आटोपावे.

माझा खरा आक्षेप आहे तो पाकिटांवर. फुटबॉलच्या मोठ्या गेममध्ये खऱ्या पैशाने बंद पाकिटे विकत घेता येतात आणि आत कोणता खेळाडू निघेल हे उघडल्यावरच कळते. फटाके, प्रकाशझोत, उत्कंठा वाढवणारे संगीत आणि मग बहुधा एक सामान्य खेळाडू, असा तो प्रकार असतो. बेल्जियमने २०१८ मध्ये हा जुगार ठरवला आणि २०१९ च्या जानेवारीपासून गेम बनवणाऱ्या ईए कंपनीने तिथे ही पाकिटे घेण्यासाठीचे गुण विकणे बंद केले. पेगीने २०२० पासून डब्यावर ‘गेममध्ये खरेदी, यादृच्छिक वस्तूंसह’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना द्यायला सुरुवात केली, ती बारीक अक्षरांत असते, ती शोधावी. आपल्याकडे पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाले आहेत, पण पाकिटातून पैसे निघत नाहीत, खेळाडूचे चित्र निघते, म्हणून पालकांना त्यात जुगार दिसत नाही. पणजीच्या पुलावरून रात्री जाताना मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटींचे दिवे मुले पाहतात आणि त्यांनी तिथे जाऊ नये हे आपण त्यांना ठामपणे सांगतो. त्याच धाटणीची गोष्ट ३ चा आकडा लावून हॉलमधल्या टीव्हीवर आली, तर तिथेही तेवढ्याच ठामपणे बोलावे. प्रत्यक्षात करायचे ते एवढेच: यंत्राच्या पालक-नियंत्रणात खरेदीला पासवर्ड लावावा, आणि कार्डाचा तपशील साठवून ठेवू नये.

मैदानी खेळांच्या मालिका दरवर्षी नव्या आकड्याने येतात. हौशी खेळाडूने मागच्या वर्षीचा डबा घ्यावा. खेळाडूंच्या बदल्या सोडल्या तर घरातल्या चौघांना फरक कळत नाही आणि किंमत पुष्कळ उतरलेली असते. संगणकावर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर परत करता येतो, म्हणून ते दोन तास वाया न घालवता पहिल्या तासातच कच्च्या खेळाडूला बसवावे. प्लेस्टेशनवर एकदा गेम उतरवायला सुरुवात केली की ही मुभा सहसा संपते. यंत्र बाहेरून आयात केलेले असेल तर हमी कोण देणार, हे पावतीवर लिहून घ्यावे. मला एकदा तोंडी हमीवर विश्वास ठेवून दुरुस्तीचा सगळा खर्च स्वतः करावा लागला.

पावसाळ्यातली परीक्षा

गोव्यात जून ते सप्टेंबर मुले घरात असतात आणि वीजही वारंवार जाते. गेम किती वेळाने स्वतःहून साठवला जातो, हे इथे तपासून घ्यायलाच हवे. मी गेम पंधरा मिनिटे खेळून, मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करतो आणि कुठून सुरू होतो ते पाहतो. (यंत्राची वायर ओढून ही परीक्षा करू नये, साठवलेला डेटा बिघडू शकतो.) स्विचला स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी तो हातात धरून खेळता येतो, आणि आमच्या घरी तो निवडण्यामागे हे एक कारण होते.

तिसरी संध्याकाळ

पहिल्या संध्याकाळी प्रत्येक गेम चांगला वाटतो, कारण नवेपणा असतो आणि पैसे दिलेले असतात. म्हणून मी मत बनवतो ते तिसऱ्या संध्याकाळी, आणि तेही एका वहीत दोन-तीन ओळी लिहून. आज गेम लावायला कोणी सांगितले, कोण आधी उठले, कोण हसले, भांडण झाले तर कशावरून, आणि बंद करताना किती ओढाताण झाली, एवढेच लिहितो. गेम लावा म्हणणारा दर वेळी तोच एक मुलगा असेल, तर तो गेम त्याचा आहे, घराचा नाही. काही गेम संपूच देत नाहीत, दर सामन्यानंतर बक्षीस, रोजची हजेरी, उद्या न आलात तर हुकेल असे काही पुढे करतात. बंद करताना होणारी ओढाताण बहुधा त्या रचनेमुळे असते, मुलाच्या स्वभावाला तेवढा दोष देऊ नये.

वही दर सहा महिन्यांनी पुन्हा उघडावी, कारण मुले वाढतात आणि जे कालपर्यंत सोयीचे होते ते आज अडचणीचे होते. मारिओ कार्टमध्ये रस्त्यावर ठेवणारी सोय चालू असली की त्या गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते. गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीने ती पडद्यावर बोटाने दाखवली आणि विचारले, ‘बाबा, दादाच्या गाडीला ही का नाही?’ मी कारण सांगितले. तिने थोडा विचार केला आणि ती काढून टाकायला सांगितली. पहिल्या तीन शर्यतींत ती प्रत्येक वळणावर पाण्यात पडली, आणि चौथी शर्यत लावायलाही तिनेच सांगितले.